गॅरेजच्या दाराशी काढलेले गमबूट

मी नेमकी काय नोकरी करते हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. पुण्यात शेजारीपाजारी ती सांगते, ‘आमची मुलगी न्यूझीलंडमध्ये फळं तपासते.’ एकदा मी तिला नीट समजावून सांगितलं, की आई, फळं नाही गं, फळं तोडणाऱ्या माणसांना कोणी डांबून, धमकावून तर राबवत नाही ना, ते तपासते. त्यावर ती म्हणाली, ‘मग ते पोलिसांचं काम. तुला कशाला नसती उठाठेव?’ तेव्हापासून मीही फळंच तपासते.

ऑकलंडमधल्या एका सुपरमार्केट कंपनीच्या हेड ऑफिसात मी काम करते. ‘रिस्पॉन्सिबल सोर्सिंग’ असं आमच्या विभागाचं भारदस्त नाव आहे. दुकानात येणारा माल कोणाच्या हातून येतो आणि ते हात मोकळे आहेत का, हे बघणं म्हणजे ते. नव्या लोकांना आम्ही याचं प्रशिक्षण देतो. त्यात पहिल्याच स्लाइडवर साखळदंडांनी बांधलेल्या दोन मनगटांचं चित्र होतं. ते काढा म्हणून मी भांडून भांडून थकले. साखळदंड बघायला मिळाले असते तर माझं काम फार सोपं झालं असतं. मी ज्या गोष्टी बघितल्यात त्या झाडून पुसून लख्ख केलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर कोणीतरी चहाचा कप धरून हसत उभं असतं.

कारण आम्ही सांगून जातो. अमुक दिवशी तपासणीला येतोय, असं आधी कळवतो. स्थळाकडची मंडळी येणार म्हटल्यावर जसं घर आवरतात, तसं मग सगळं आवरलं जातं. जुना सोफा भिंतीला लागतो, भांडणं पोटात जातात, आणि आम्ही पोहे खाऊन ‘छान आहे हं’ म्हणून परत येतो. या पद्धतीवर माझा पहिल्यापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या हिवाळ्यात मी टौरंगाच्या पुढे किवीच्या बागांमध्ये गेले होते. फळांचा हंगाम संपलेला, वेलींच्या छाटणीचे दिवस. बागा ज्यांच्या असतात ते छाटणीला माणसं स्वतः ठेवत नाहीत, कंत्राटदाराकडून घेतात. या कंत्राटदाराला मी ओळखत होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाचं सगळं त्याच्याकडून असायचं. सढळ हाताचा, गोड बोलणारा, माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून मला ‘वहिनी’ म्हणणारा माणूस. ही ओळख मी निघण्याआधीच माझ्या मॅनेजरबाईंना सांगून ठेवली होती. त्या म्हणाल्या, ‘ग्रेट, मग तो तुझ्याशी मोकळेपणाने बोलेल.’

बोलला खरा. स्वागताला तो रस्त्यापर्यंत आला होता. ‘या वहिनी, आज आपलं माणूस तपासायला आलंय म्हटल्यावर मला कसली काळजी!’ मला ते वाक्य तेव्हाच टोचलं, पण मी हसले. पाऊस बारीक पडत होता आणि सगळीकडे चिखल झाला होता.

मुलांचं घर त्याने दाखवलं. तो कामगारांना मुलंच म्हणायचा, त्यातले काही माझ्या वयाचे असूनही. बैठं लाकडी घर, दारात सगळ्यांनी बूट काढले, आत गेलो. खोल्यांमध्ये ऐसपैस खाटा, नव्या कोऱ्या चादरी, फ्रिजमध्ये दूध, अंडी, कोथिंबीर. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. कामगारांशी मी एकेकट्याशी बोलले. प्रत्येकाने तीच उत्तरं दिली, त्याच क्रमाने, जणू सगळे मिळून एकच पाठ शिकले होते. पगार वेळेवर. सर चांगले आहेत. काही त्रास नाही मॅडम. मी पासपोर्टबद्दल विचारलं की प्रत्येक जण म्हणायचा, ‘आमच्याकडेच आहे मॅडम, बॅगेत,’ आणि एकानेही बॅगेकडे बघितलं नाही. माझं डोकं तडकायला लागलं होतं. पण नुसत्या डोकं तडकण्यावर तपासणीचा निकाल देता येत नाही.

‘मागे गॅरेज आहे ना?’ मी विचारलं.

‘हत्यारं ठेवतो तिथे,’ कंत्राटदार म्हणाला. ‘कात्र्या, शिड्या. बघा ना, अवश्य बघा.’ त्याने किल्ली एका कामगाराच्या हातात दिली. नाशिककडचा, पस्तिशीचा माणूस. तिकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम केलेला, एवढंच त्याच्याबद्दल मला कळलं होतं. आम्ही दारात परत बूट घातले आणि चिखलातून घराला वळसा घालून मागे गेलो. गॅरेजच्या शटरला बाहेरून भलंमोठं कुलूप. ‘चोऱ्या होतात हो,’ कंत्राटदार म्हणाला.

त्या माणसाने कुलूप काढलं, शटर वर ढकललं. आत फिनेलचा वास. स्वच्छ झाडलेली सिमेंटची जमीन, भिंतीला दोन शिड्या टेकवलेल्या, खुंट्यांवर कात्र्या. कंत्राटदार चिखलाच्या बुटांनी तरातरा आत गेला आणि मधोमध उभा राहून हात पसरून म्हणाला, ‘बघा!’

मी बघतच होते, पण त्याच्याकडे नाही. माझ्या शेजारचा तो माणूस दाराशी थांबला. एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाची टाच दाबून त्याने एक गमबूट काढला, मग दुसरा. वाकून दोन्ही भिंतीच्या कडेला नीट जोडीने लावले, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. आणि ओल्या मोज्यांनी त्या थंडगार सिमेंटवर पाऊल टाकलं.

हत्यारांच्या खोलीत जाताना कोणी बूट काढत नाही. मी या देशात आले तेव्हापासून किती शेड बघितल्या, किती गोठे, किती गोदामं, सगळीकडे माणसं बुटांसकट आत जातात. बूट आपण एकाच ठिकाणी न सांगता काढतो. आपण जिथे राहतो तिथे.

त्याच्या लक्षात आलं. आधी त्याने आपल्या मोज्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कंत्राटदार शिडीवर हात ठेवून काहीतरी सांगत होता, तो आता कुठल्याही क्षणी वळणार होता. गाद्या गेल्या होत्या, कपडे गेले होते, सगळं पुसलं गेलं होतं, आणि एवढ्या बंदोबस्तातून निसटलेली एक सवय भिंतीशी उभी होती. मी तोंड उघडलं असतं तर संध्याकाळी मी माझ्या घरी असते आणि तो माणूस त्याच कुलपाआड.

मी खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

तपासणीला जाताना आम्हाला पुढे पोलाद असलेले बूट घालावे लागतात आणि ते कुठल्याही गोदामात काढायचे नाहीत हा कंपनीचा पक्का नियम आहे. मी दोन्ही काढले, त्याच्या गमबुटांशेजारी ठेवले आणि मोज्यांनी आत गेले. कंत्राटदार वळला आणि आमच्या दोघांच्या पायांकडे बघून खो खो हसला. ‘काय वहिनी, इतकी वर्षं झाली तरी सवय गेली नाही आपल्या लोकांची!’

‘नाही ना जात,’ मी म्हटलं. ‘स्वच्छ जमीन दिसली की पाय आपोआप थांबतात.’

तो माणूस कंत्राटदाराच्या बुटांनी उमटलेल्या चिखलाच्या ठशांकडे बघत होता. स्वतःच्या अंथरुणावर कोणी बुटांनी चालून गेल्यावर बघावं तसं.

बाहेर येताना कंत्राटदाराचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत घराच्या कोपऱ्याकडे गेला. मी मुद्दाम वेळ लावला. त्या बुटांच्या नाड्या लांब असतात, कितीही वेळ लावता येतो. ‘जरा हात द्या हो,’ मी त्या माणसाला म्हटलं, आणि त्याने हात पुढे केल्यावर माझं कार्ड त्याच्या तळव्यात दाबलं. ‘वाटलं तर करा फोन. नाही केलात तरी मी कोणाला सांगणार नाही.’ कार्ड त्याने मोज्यात खोचलं, वरून गमबूट चढवला आणि शटर खाली ओढलं.

ऑकलंडला परतताना कायमाईच्या घाटात गाडी थांबवून मी रडले. दुःखाने नाही. संतापाने. मला संताप आला की रडू येतं आणि त्याचा मला आणखी संताप येतो.

मॅनेजरबाईंना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्या भल्या आहेत, माझ्याहून तरुण, सायकलने ऑफिसला येणाऱ्या, न्यूझीलंडच्याच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अ गमबूट इज नॉट एव्हिडन्स.’ गमबूट म्हणजे पुरावा नव्हे. मी म्हटलं, बरोबर, पण ‘काही आढळलं नाही’ असा निकाल मी देणार नाही. तपासणी अपुरी आहे असं लिहीन. त्यांनी खांदे उडवले.

फोन रविवारी सकाळी आला. मी पोहे भिजवत होते. अनोळखी नंबर, मागे गाड्यांचे आवाज.

‘ताई, गमबूटवाला बोलतोय.’

तो गावातल्या एका डेअरीतून बोलत होता. म्हणजे दूधडेअरी नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानदाराचा फोन मागून घेतला होता. गॅरेजमध्येच झोपतो आम्ही, तो म्हणाला. तुम्ही यायच्या दिवशी गाद्या व्हॅनमध्ये भरून फिरवत ठेवल्या होत्या. घरातल्या त्या खाटा दाखवायच्या. रात्री बाहेरून कुलूप. पासपोर्ट सगळ्यांचे सरांकडे, विमानतळावरच घेतले, सांभाळायला म्हणून. तक्रार केलीत तर पोलीस तुम्हालाच पकडतील, व्हिसा माझ्या नावाने आहे, असं सर सांगतात. एवढं बोलून तो थांबला आणि मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी त्याने फोन केला होता. ‘ताई, आम्ही तोंड उघडलं तर आम्हाला परत पाठवतील का?’

मॅडमची मी ताई झाले होते. खोटा धीर द्यायची सोय उरली नव्हती.

‘मला खात्री देता येत नाही,’ मी म्हटलं. ‘ज्यांना असं राबवलं जातं त्यांच्यासाठी इथे वेगळा व्हिसा असतो, कामगार निरीक्षक असतात. पण तुम्ही सगळे हो म्हणाल तरच मी त्यांच्याकडे जाईन. तुमच्या पाठीमागे नाही.’

दोन दिवसांनी त्याने हो सांगितलं, सगळ्यांच्या वतीने. निरीक्षकांना मी त्याच दुपारी कळवलं, आणि मग मॅनेजरबाईंसमोर जाऊन बसले. या वेळी त्या हादरल्या. खरंच हादरल्या. आणि लगेच म्हणाल्या, ‘वी ड्रॉप देम. टुडे.’ त्या बागांकडून माल घेणं आजपासून बंद.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. त्यांना वाटत होतं त्या कडक वागताहेत. अहो, माल बंद केला की आपले हात स्वच्छ होतील, दुकानातली फळं स्वच्छ होतील, आणि ती माणसं? त्यांचं काम जाईल, कामाला बांधलेला व्हिसा जाईल, कंत्राटदार त्यांना व्हॅनमध्ये भरेल आणि गाद्या फिरवल्या तशी फिरवून कुठेतरी दुसऱ्या गॅरेजात टाकेल. तिथे मग कोणी तपासायला येणारही नाही.

‘तेव्हा मी खोटा निकाल दिला नाही,’ मी म्हटलं, ‘आणि आज तुम्हाला हात झटकू देणार नाही. माल घेत राहा. पण बागवाल्यांना सांगा, ही माणसं तुम्ही स्वतः कामावर घ्या, राहायला नीट घर द्या, पासपोर्ट त्यांच्या हातात येऊ द्या, तरच घेऊ. एवढी वर्षं मालाच्या भावासाठी त्यांचा गळा धरतो ना आपण? आता यासाठी धरा.’

‘हे आपलं काम नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मग बाहेरच्या दारावरची आपल्या विभागाची पाटी काढा. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येते.’

‘यू आर हार्ड वर्क,’ त्या म्हणाल्या, म्हणजे तुला झेलणं सोपं नाही. पण उठल्या, आणि वरच्या साहेबांकडे माझ्यासोबत आल्या, आणि तिथे माझ्याहून चांगलं बोलल्या.

ऑफिस परवडलं, पण आपली माणसं! मंडळातून फोनवर फोन. आपसात मिटवा ना. बाहेर कशाला बोभाटा, आपल्या समाजाची बदनामी. त्यांच्याकडून चूक झाली असेल, पण माणूस वाईट नाही हो. गणपती तोंडावर आलाय. मी प्रत्येकाला एकच विचारत होते: तुम्ही झोपाल का त्या गॅरेजमध्ये, बाहेरून कुलूप लावून? त्यावर सगळे म्हणायचे, ‘तुझा स्वभाव पहिल्यापासूनच तसा.’ आहेच.

आणि मग एका रविवारी संध्याकाळी ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात कंत्राटदार. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात किवीची पेटी. ‘म्हटलं, समोरासमोर बोलू,’ असं म्हणत त्याने पेटी खाली ठेवली आणि वाकून बुटांच्या नाड्यांना हात घातला.

‘बूट काढू नका,’ मी म्हटलं.

तो वर बघून हसला. ‘असं कसं वहिनी, घरात बूट घालून येऊ?’

‘तुम्ही घरात येणार नाही आहात.’

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला आणि त्याचा आवाज बदलला. ‘आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देताय. मी आणलं त्यांना इथे. गावी काय होतं त्यांच्याकडे? गावी याहून वाईट झोपायचे ते.’

‘गावी कडी आतून असते,’ मी म्हटलं.

त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात पोळीचं लाटणं. रविवारी पोळ्या तो करतो. ‘अहो, तुम्ही तरी सांगा यांना,’ कंत्राटदार म्हणाला.

‘मी?’ नवरा म्हणाला. ‘मी आजवर सांगून काही झालंय का? आणि यात मी कशाला सांगू, बरोबर बोलतेय ती.’

माझा नवरा कोणाशी भांडत नाही. रेस्टॉरंटमध्ये चुकीचा पदार्थ आला तरी खाऊन घेतो. त्या एका वाक्यासाठी मी त्याचे पुढचे मागचे सगळे गुन्हे माफ केले आहेत.

‘पेटी उचला,’ मी कंत्राटदाराला म्हटलं. ‘आणि इथे परत यायची गरज नाही. पासपोर्ट निरीक्षकांकडे द्या, ते वाट बघताहेत.’

दार लावून मी वळले. माझी लेक जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ‘आई, दॅट वॉज सो रूड,’ ती म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझ्या गळ्यात हात टाकले. ‘स्वीट अ‍ॅज.’ म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम झकास.

पासपोर्ट मिळाले. सगळं सरळ झालं असं मात्र नाही. बरेच जण बागवाल्यांकडे थेट कामाला लागले, काहींनी तो वेगळा व्हिसा घेऊन दुसरीकडे काम शोधलं, एक जण घरी निघून गेला, त्याला आता इथे राहायचंच नव्हतं आणि मला त्याला थांब म्हणायचा काय अधिकार? कंत्राटदाराची चौकशी अजून चालूच आहे. तो अजून गणपतीला येतो, पहिल्या रांगेत बसतो, आणि त्याच्याशी हात मिळवणारे हात कमी झालेले नाहीत. मीही जाते. मीही पहिल्या रांगेतच बसते. आरतीचं तबक फिरत फिरत आधी माझ्याकडे येतं आणि मग त्याच्याकडे, आणि ते त्याच्या हातात देताना मी त्याच्या डोळ्यांत बघते. नजर तो वळवतो. मी का वळवू?

प्रशिक्षणातली ती साखळदंडांची स्लाइड गेली एकदाची. तिथे आता एका रिकाम्या, स्वच्छ गॅरेजचा फोटो आहे. नवी मुलं गोंधळून विचारतात, यात काय चुकीचं आहे? मी म्हणते, तोच तर प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात पापाकुराहून फोन आला. ‘ताई, जेवायला या. सगळ्यांना घेऊन या.’ तो आता तिकडच्या एका भाज्यांच्या पॅकहाऊसमध्ये आहे. जुन्या सोबत्यांपैकी दोघांबरोबर त्याने घर भाड्याने घेतलंय. बैठं, लाकडी, रंग उडालेलं, समोर कोणाची तरी सोडून दिलेली सायकल. दाराशी भिंतीच्या कडेला गमबुटांच्या जोड्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून लावलेल्या. मी बेल वाजवली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि तो दारात उभा राहिला, हाताला पीठ लागलेलं, पायात नुसते मोजे.

नवरा आणि लेक घरून परस्पर येणार होते. मी त्या दिवशी टौरंगाहून थेट आले होते, तपासणीचेच बूट पायात होते, त्या लांब नाड्यांचे. मी खाली बसले तसा तो घाईघाईने म्हणाला, ‘अहो ताई, असू देत, असू देत बूट. या ना तशाच.’

‘हे घर आहे ना तुमचं?’ मी नाडी सोडत म्हटलं. ‘मग काढणारच.’